ओक ग्रोव्हला अकरा वर्षांनी: फ्रिसबी घेऊन जा, ड्रायव्हर घरी ठेवा

विद्यार्थी असताना लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनात फुकटात करता येण्यासारखं जे काही होतं, त्यात ओक ग्रोव्ह बागेतलं डिस्क गोल्फ माझ्या यादीत सगळ्यात वर होतं. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी चकती (डिस्क) फेकत कमीत कमी फेकींत लक्ष्य गाठायचं. यंदा कामानिमित्त लॉस एंजेलिसला जाणं झालं. सुट्टीत पुण्याहून आलेला चौदा वर्षांचा भाचा सोबत होता. म्हटलं, चल, जगातलं पहिलं डिस्क गोल्फचं मैदान दाखवतो.

"पहिलं म्हणजे? फ्रिसबी फेकायला मैदान कशाला लागतं, मामा?"

प्रश्न बरोबर होता. एड हेड्रिक व्हॅम-ओ या फ्रिसबीवाल्या कंपनीत होता. त्याने १९७५ साली या बागेत पहिला कायमचा कोर्स आखला. सुरुवातीला नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की झालं. पण लागली की नाही यावरून वाद व्हायचे, म्हणून त्याने साखळ्या लटकवलेली बास्केट काढली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. चकती साखळ्यांवर आदळते, जोर संपतो, खाली टोपलीत पडते. तो आवाज ऐकून मला कायम जुन्या वाण्याचा तराजू आठवतो, पारडं धपकन टेकल्यावर साखळ्या जशा खळखळायच्या तसा. हेड्रिक २००२ मध्ये गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. भाचा थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे अस्थिविसर्जन हवेत?"

आता जायचं कसं. २१० फ्रीवेवर बर्कशायर–ओक ग्रोव्ह ड्राइव्हचा फाटा घ्यायचा. बागेचं आताचं नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क. खेळणारे मात्र ओक ग्रोव्हच म्हणतात. रस्त्याच्या पलीकडे शाळा, उत्तरेला नासाची जेपीएल ही अवकाश प्रयोगशाळा. तिचाही जन्म याच कोरड्या नदीपात्रातला. ३१ ऑक्टोबर १९३६ला इथल्या कॅलटेक विद्यापीठाच्या पोरांनी इथे रॉकेटची मोटर पेटवायचा खटाटोप केला आणि शेवटी ऑक्सिजनच्या नळीनेच पेट घेतला. त्यामानाने आमचं फेकणं चुकलं तर फार काही बिघडत नाही.

शनिवार-रविवार असेल तर सकाळी आठच्या आत पोचा. नंतर सहली येतात, वाढदिवसांचे फुगे झाडांना लागतात आणि तुम्ही टीवर, म्हणजे पहिली फेक जिथून करतात तिथे, हात मागे घेऊन उभे असताना समोरून कुणी कबाबाची शेगडी घेऊन जातं. या वाटांवरून घोडेस्वारही फिरतात. घोडा दिसला की थांबायचं, फेकायचं नाही, ओरडायचंही नाही.

पहिल्या चार होलांवर (टी ते बास्केट हे एक होल) मी सपशेल आपटलो. पिशवीत सात डिस्क होत्या, पैकी चार ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, पातळ कडेच्या डिस्क. पण इथे लांब पल्ला आहेच कुठे? म्हाताऱ्या ओकच्या फांद्या आडव्या पसरलेल्या, मुळं वर आलेली, जमीन पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. ड्रायव्हर सुटतो, फांदीवर आपटतो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो. दरम्यान भाच्याने मजेत आणलेली साधी, जाडजूड फ्रिसबी हळूहळू तरंगत फांद्यांखालून गेली आणि बास्केटजवळ बसली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ड्रायव्हरसारखी धारदार कडेची पहिली डिस्क आली १९८३ मध्ये. हा कोर्स तिच्या आठ वर्षं आधीचा. इथली अंतरं, वळणं, झाडांमधल्या फटी सगळ्या फ्रिसबीच्या संथ उडण्याला बेतलेल्या. अकरा वर्षांपूर्वी मीच इथल्याबद्दल "छोटा आणि जुनाट" म्हणून नाक मुरडलं होतं. चूक माझ्या पिशवीची होती. पाचव्या होलपासून मी फक्त पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क, वापरला, भाच्याने फ्रिसबी, आणि तेव्हा कुठे खेळ रंगला. मोठ्या कोर्सवर मिळणारं "बघ किती लांब गेली" हे सुख इथे नाही. दोन बुंध्यांमधून चकती तिरकी काढल्याचं आहे.

म्हणून सांगतो: एक पटर, हवी तर मधल्या पल्ल्याची एक मिडरेंज, आणि खरी मजा घ्यायची तर एक जुनी फ्रिसबी. पाणी भरपूर न्या. सावली आहे, पण उन्हाळ्यात दुपारी तीही तापते. बूट घाला, चपला नकोत. वाळलेल्या ओकच्या पानांना काट्यांच्या कडा असतात. गवतात हात घालण्याआधी काठीने चाचपा, विषारी रॅटलस्नेक सापांचा मुलूख आहे.

आणि पॉइझन ओक. पानं तीन-तीनच्या झुपक्यात, उन्हाळ्याच्या अखेरीला लालसर, दिसायला देखणी. आपल्या बिब्ब्याच्या कुळातली वनस्पती, आणि अंगावर उठतंही बिब्बा उतल्यासारखंच. मला हे माहीत होतं. तरी एका उतारावर डिस्क झुडपात गेली आणि मी कोपरापर्यंत हात घातला. डिस्क नाही मिळाली. खाज मात्र दहा दिवस पुरली. चीक लागला असं वाटलं तर ताबडतोब साबणाने चोळून धुवा. हात तर धुवाच, डिस्क, बाटली, गाडीच्या किल्ल्यासुद्धा.

ती हरवलेली डिस्क मरून रंगाची आहे, मागे माझी आद्याक्षरं आहेत. कुणाला सापडली तर ठेवून घ्या. मला परत नको.