डोळा लागला तोच...

अभ्यासक्रमात होतं म्हणून ‘गिल्गमेश’ हे मेसोपोटेमियाचं प्राचीन महाकाव्य हातात घेतलं, हे आधीच कबूल करते. पहिल्या दहा पानांत वैताग आला तो टिंबांचा. मूळ मातीच्या पाट्या फुटलेल्या, त्यामुळे कुणी काही महत्त्वाचं बोलायला तोंड उघडलं की पुढे तीन टिंबं. ऐन बोलण्यात रेंज गेल्यासारखं.

राजाही जीव लावावा असा नाही. उरुक नगरीचा हा गिल्गमेश दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस. (हा हिशेब जमतो का म्हणून मी वहीत वंशावळ मांडून पाहिली. नाही जमत.) प्रजा त्याच्या जाचाला कंटाळून देवांकडे गाऱ्हाणं नेते, देव त्याच्या तोडीचा एन्किडू घडवतात, दोघांची झोंबाझोंबी होते आणि तिथून जिवलग मैत्री. देवदाराच्या रानातला राक्षस हुंबाबा, स्वर्गातला बैल, हे सगळं मी भराभर उलटलं.

मग एन्किडू मरतो. लढाईत नाही, बारा दिवस अंथरुणात खितपत, आणि असं मरण येतंय याचीच त्याला लाज वाटते. गिल्गमेश सहा दिवस, सात रात्री त्याला पुरू देत नाही. नाकातून अळी खाली पडेपर्यंत. इथे पुस्तक मिटून मेसला गेले. ताटात भात होता. परत आले.

आता मरणाच्या धास्तीने गिल्गमेश जगाच्या टोकाला, उत्नपिश्तिमकडे जातो. हा महापुरातून नावेने वाचलेला आणि अमर झालेला म्हातारा. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने निनवे या प्राचीन शहरातल्या पाट्यांत ही पुराची गोष्ट ओळखली आणि १८७२ च्या डिसेंबरात जाहीर वाचून दाखवली, तेव्हा बायबलमधली तशीच पुराची गोष्ट पाठ असलेल्या लंडनमध्ये खळबळ उडाली. हा स्मिथ मुळात नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. पुराचं महत्त्व मला मान्य आहे, पण मी अडकले भाकऱ्यांपाशी.

म्हातारा म्हणतो, अमर व्हायचंय ना? आधी सहा दिवस, सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसतो आणि बसल्या जागी धुक्यासारखी झोप त्याला घेरते. म्हातारी कळवळते, उठवा हो त्याला. म्हातारा पक्का. माणसाची जात लबाड, म्हणतो, हा कबूल व्हायचा नाही. तू रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेव आणि भिंतीवर खूण कर. (मूळचा तो पाव असावा, पण मला भाकरीच दिसत राहिली.) सातव्या दिवशी पहिली वाळून कडक, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यावर. तेवढ्यात म्हातारा त्याला हलवतो. दचकून उठत गिल्गमेश म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागला, तोच तू उठवलंस!

मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. बातम्या लावून खुर्चीत घोरणाऱ्या बाबांचा रिमोट घ्यायला गेलं की हेच ऐकू येतं.

पुढे त्याला पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळते, तीही तो आंघोळीला उतरल्यावर साप पळवतो. रिकाम्या हाताने घरी येतो आणि सोबतच्या नावाड्याला म्हणतो, चढ या तटावर, विटा बघ कशा भाजल्यात. सुरुवातीच्याच ओळी. मी मागे जाऊन पुन्हा वाचल्या, टिंबांसकट.

रात्री घरी फोन करून बाबांना सगळी गोष्ट सांगितली, बुरशीसकट. पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

“बाबा?”

“हं? ऐकतोय ना. तो बैल आला, मग?”