डाळिंबाच्या सालीतून चांदीचे नॅनोकण : पाचवी बॅच

पाचव्या बॅचला कुठे खात्रीने सांगता येतंय, की बाटलीत चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, आहेत. आधीच्या बॅचना रंग आला होता, आणि रंग आला म्हणजे कण झाले असं मी धरून चाललो होतो. पण डाळिंबाच्या सालीचा अर्क मुळातच पिवळसर तपकिरी, आणि चांदीच्या कणांचा रंगही त्याच घरातला. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणार कसा?

साली नेहमीच्याच, आमच्या सोलापुरातल्या ज्यूसवाल्या काकांकडच्या. भगव्या डाळिंबाच्या पोतंभर साली रोज संध्याकाळी कचऱ्यात जातात. "न्या की, किती पाहिजेत तेवढ्या," म्हणतात. धुऊन सावलीत वाळवल्या, कडकडीत झाल्यावर मिक्सरला लावल्या. तिसऱ्या बॅचला लोखंडी खलबत्त्यात कुटल्या होत्या, तेव्हा पाणी घालताच अर्क शाईसारखा काळा झाला. सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आलं की असंच होतं. पूर्वी शाई याच रसायनावर बनायची. तेव्हा लोखंड लांबच ठेवा.

5 ग्रॅम पूड, 100 मिली डिस्टिल्ड वॉटर, 60 अंशांवर 20 मिनिटं. आधी मलमलीतून, मग फिल्टर पेपरमधून गाळलं. या अर्कामुळे सिल्व्हर नायट्रेट या विरघळणाऱ्या क्षारातली चांदी कणांच्या रूपात बाहेर येते. पहिल्या बॅचला नळाचं पाणी वापरलं आणि सिल्व्हर नायट्रेट पडताच सगळं दुधाळ झालं. पाण्यातल्या क्लोराइडने चांदी पकडली होती.

सिल्व्हर नायट्रेटचं 1 मिलिमोलर, म्हणजे फार पातळ, द्रावण लागतं : 100 मिलीला जेमतेम 17 मिलिग्रॅम. माझा काटा इतकं बारीक मोजत नाही. म्हणून 1.7 ग्रॅमचं 100 मिली द्रावण करून तपकिरी बाटलीत ठेवलं आणि लागेल तसं शंभरपट पातळ केलं. हातमोजे हवेतच, कातडीवर पडलं तर काळा डाग कित्येक दिवस जात नाही.

खरा बदल दोन गोष्टींत केला. पूर्वी 50 मिली चांदीच्या द्रावणाला 10 मिली अर्क ओतायचो, आता फक्त अर्धा मिली. आणि अर्कात सौम्य कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकून सामू (pH) 9 च्या आसपास नेला. थेंब अर्कातच टाकायचे. थेट चांदीच्या द्रावणात पडले तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड होतं आणि आपण फसतो. सोड्याऐवजी अमोनिया मात्र मुळीच वापरू नका. चांदी आणि अमोनियाचं मिश्रण साठून राहिलं तर स्फोटक होऊ शकतं.

तीन चंचुपात्रं मांडली : अर्क आणि चांदी, नुसता अर्क, नुसती चांदी. पहिल्यात दोन-तीन मिनिटांत पातळ हळदीच्या पाण्यासारखी छटा आली, चाळीस मिनिटांत ती गुळाच्या पाण्यावर गेली. तिसरं जसंच्या तसं नितळ. दुसरंही किंचित गडद झालं, कारण अल्कधर्मी अर्क हवेने काळवंडतोच. हे दुसरं पात्र ठेवलं नसतं तर मी पुन्हा रंगालाच भुललो असतो.

मग कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राने पहिल्या दोन पात्रांचे नमुने स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावून दिले. पहिल्यात 425 नॅनोमीटरजवळ स्वच्छ उंचवटा, नुसत्या अर्कात तिथे फक्त उतार. चांदीच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन या प्रकाशाला एकत्र डोलतात, म्हणून शिखर 400 ते 450 च्या दरम्यान येतं. तो आलेख मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

थोडा नमुना वेगळा काढून त्यात मिठाचं पाणी टाकलं, तर हलका पांढरा धूसरपणा आला. मिठातही क्लोराइडच असतं, आणि ते विरघळलेली चांदी पकडतं. म्हणजे सगळी चांदी अजून कणांत उतरलेली नाही. पुढच्या बॅचला अर्क 1 मिली करून बघणार आहे. वाया गेलेलं द्रावण मोरीत ओतत नाही. चांदी पाण्यातल्या जीवांना घातक. मीठ टाकून चांदी खाली बसवतो आणि तो साका वेगळ्या बरणीत साठवतो.

मुख्य बाटली अंधाऱ्या कपाटात आहे. आज बारावा दिवस, तळाशी काहीच बसलेलं नाही.