वरच्या मजल्यावरचं वायफाय

खाली हॉलमध्ये नेट सुसाट आणि वर मुलीच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकलेला, हे आमच्याकडे रोजचंच झालं होतं. मधे जाड स्लॅब. उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर लागला की आणखी वाईट, कारण पत्रा आणि पाणी दोन्ही वायफायला अडवतात. "मोठ्या अँटेनाचा राऊटर आणा," हा सल्ला जो तो देत होता. म्हटलं, पैसे घालायच्या आधी घरातला नेटचा डबा नेमकं काय करतो ते तरी बघू.

तर त्या एका डब्यात चार कामं असतात. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे ओएनटीचं. डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला तर बिघाड फायबरकडे, घरात कितीही बटणं दाबा. प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता वाटणं हे राऊटरचं. मागचे लॅन पोर्ट म्हणजे स्विच, केबलने लावलेली यंत्रं एकमेकांना जोडणारा. आणि हवेतून वायफाय सोडणारा तो ॲक्सेस पॉइंट. आमची अडचण फक्त या चौथ्याची होती. म्हणजे नवा राऊटर कशाला? वर दुसरा ॲक्सेस पॉइंट हवा, तोही केबलने जोडलेला. रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढे फेकणारा डबा, स्वस्त पडतो, पण साधा रिपीटर हवेतूनच घेतो आणि हवेतूनच देतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. केबल ओढता येतच नसेल तरच तो घ्यावा.

कपाटात जुना राऊटर पडून होता. त्याचा पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केलं (पत्ते वाटणारा घरात एकच हवा), वायफायचं नाव-पासवर्ड खालचंच ठेवलं. खाली चॅनल १ होता, वर ११ दिला, म्हणजे दोघांची हवेत टक्कर नको. केबल मात्र वॅनच्या (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) नाही, लॅनच्या पोर्टात लावायची.

केबल नागपूरच्या बर्डीवरून आणली, कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल. दुकानात तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

केबल जिन्यातून वर नेली, प्लग बसवले, नेट आलं. पण केबल थेट लॅपटॉपला लावली तरी वेग १०० एमबीपीएसच्या वर जाईना. ज्या मुलाने प्लग बसवले तो म्हणाला, "काका, नेट तर येऊन राहिलं ना!" येत होतंच. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. त्याला केबल टेस्टर लावायला सांगितलं, त्यात आठ तारांचे आठ दिवे असतात. दिवे एकामागून एक लागत गेले, सातवा लागलाच नाही. सातवी म्हणजे पांढरी-तपकिरी. ती प्लगच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. त्याने प्लग कापला, आठही तारा क्रमाने लावून एका रेषेत छाटल्या, नवा प्लग क्रिंप केला (पक्कडीने दाबून बसवला). लगेच १००० दिसलं.

आता राहिला विजेचा प्रश्न. मे-जूनच्या वादळात लाईट गेली तरी फायबर बहुतेक वेळा चालू असतं, बंद पडतो तो आपला डबा. खालच्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) लावला. वरचा जुना राऊटर ९ व्होल्टचा निघाला, त्याला तो चालत नाही. दोन्ही व्होल्टेजचा मिळतो म्हणतात, बर्डीला पुढच्या फेरीत बघेन.