वानखेडे आरव्ही-७

"काकाजी, बाहेरून विमानाची किट मागवली आन् घरीच जोडली, तं सरकार उडवू देते का?"

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारे बहुतेक माझ्या रविवारच्या पोरांचे बाप. आयटीआयमध्ये तीस वर्षं पत्राकाम शिकवलं आणि निवृत्त झालो. आता गच्चीवर पोरांकडून बाल्सा लाकडाची विमानं करून घेतो. उडवायला मात्र कळमेश्वर रस्त्यानं शहराबाहेर जातो, कारण नागपूरचा सोनेगाव विमानतळ आमच्या डोक्यावरच आहे. २०२२ साली ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका मल्याळी अभियंत्यानं चार आसनांचं विमान किटमधून जोडलं आणि बायकापोरांना युरोप फिरवून आणलं. ती बातमी व्हॉट्सॲपवर अजून फिरतेच आहे. ती वाचली की लोकांना मी आठवतो. माझा भाचा टेक्सासला असतो आणि त्यानं असं विमान बांधलंय, हे मी स्वतःच गावभर सांगून ठेवलंय, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हो, अमेरिकेत उडवू देतात. पण तिथलं सरकार तुमच्या विमानाला एक प्रश्न विचारायच्या आधी तुम्हाला दोन विचारतं: हे बनवलं कोणी, आणि कशासाठी?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. भाच्याच्या गॅरेजमध्ये कळलं. त्यानं आरव्ही-७ ची किट घेतली होती. दोन आसनांचं, शेजारीशेजारी बसायचं, सगळं ॲल्युमिनियमचं विमान. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं मला हुकूम सोडला, "दादा, तू जा बाप्पा, हा एकटाच पत्रे ठोकून राहिला तिकडे." गेलो. टेक्सासची जुलैची दुपार आणि नागपूरची मेची दुपार यात मला फारसा फरक वाटला नाही. तिथे कूलर नव्हता, एवढंच.

किट म्हणजे खोक्यातून विमान निघतं असं आपल्याला वाटतं. निघतात ते पत्रे. निळ्या प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली चकचकीत पत्रे, त्यांना आधीच पाडलेली भोकं, वळवलेल्या बरगड्या आणि पुडक्यांमध्ये हजारो रिबिटा. प्रत्येक भोकाची कड साफ करायची, पत्र्याला खळगा पाडायचा म्हणजे रिबिटीचं डोकं सपाट बसतं, मग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी पत्रे तात्पुरते धरून ठेवायचे. लहान भोकाला चंदेरी, मोठ्याला तांबडी. आणि मग रिबीट. एकानं बाहेरून हवेची बंदूक धरायची, दुसऱ्यानं आतून लोखंडाचा ठोकळा दाबून ठेवायचा. एकट्या माणसाचे हात कितीतरी ठिकाणी पोचतच नाहीत. शेपटाच्या पोकळीत आडवं पडून ठोकळा धरायला मामा लागतो तो इथे.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं माझा फोटो काढला. पोकळीतून फक्त माझे पाय बाहेर. मी म्हटलं, "हे काऊन बे?" तर म्हणाला, "मामा, वहीत लावाचा आहे. सरकारला दाखवा लागते."

मग त्यानं नियम सांगितला. अमेरिकेत विमानांचं सगळं खातं एफएए पाहतं. घरी बांधलेल्या विमानाला ते 'प्रायोगिक' या वर्गात उडायचा दाखला देतात, आणि त्याची अट एका वाक्याची आहे: विमानाचा मोठा भाग अशा माणसांनी घडवलेला आणि जोडलेला असावा, ज्यांनी हे काम निव्वळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हाती घेतलं. सगळे याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात, पण ५१ हा आकडा त्या वाक्यात नाहीच. 'मोठा भाग' म्हणजे अर्ध्याहून जास्त, म्हणून लोकांनी पाडलेलं ते नाव आहे.

आता अर्ध्याहून जास्त कशाचं? इथे सगळे घसरतात. मीही घसरलो होतो. पैशाचं नाही, वजनाचं नाही, तासांचंही नाही. कामांचं. विमान बांधायच्या कामांची लांबलचक यादी असते: पंखाची बरगडी घडवणं, ती कण्याला जोडणं, शेपटाचा पत्रा बसवणं, असं करत करत. प्रत्येक कामापुढे रकाने: हे किटवाल्यानं केलं, हे पैसे घेऊन दुसऱ्यानं केलं, हे हौशी माणसानं जोडलं, हे हौशी माणसानं घडवलं. शेवटी हौशी माणसाच्या रकान्यांची बेरीज अर्ध्याच्या वर गेली पाहिजे. इंजिन, पंखा म्हणजे प्रोपेलर, चाकं, ब्रेक, उपकरणं, नटबोल्ट सरळ बाजारातून घ्या, ते तुमच्या विरुद्ध धरत नाहीत. आणि गंमत म्हणजे रंगकाम, गाद्या, महागडे रेडिओ बसवणं, हे तुमच्या बाजूनंही धरत नाहीत. आमच्या इथे गाडी घेतली की माणूस सगळ्यात आधी सीटकव्हरवर खर्च करतो. तिथे त्या खर्चाचा एक गुण मिळत नाही.

आणि मामा? मामा चालतो. मामा फुकट असेल तर. बांधणारा एकटाच असला पाहिजे असं नाही, मित्र, शेजारी, बायको, कोणीही हात लावू शकतं, आणि ते काम हौशी रकान्यातच जातं. पण एखाद्याला मजुरी देऊन काम करून घेतलं तर ते दुसऱ्या रकान्यात. तसं काम करून घ्यायला बंदी नाही. ते फक्त तुमच्या बेरजेत येत नाही. मी भाच्याला विचारलं, "तू माझं जायचं-यायचं तिकीट काढलं, ते मजुरीत धरतील का?" तो पहिल्यांदा हसला, आणि मग थोडा विचारात पडला. तिकिटाचा विषय त्यानं वहीत लिहिला नाही. फोटोखाली लिहिलं: 'मामा, बिनपगारी'.

इथल्या लोकांना हे समजावताना मी चितार ओळीत, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत जातो. गणपतीच्या आधी तिथे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक जण शाडूची माती घेऊन जातो, घरी मूर्ती करतो, सोंड जरा वाकडी होते, पण करतो. दुसरा तयार मूर्ती नेतो, तिला मुकुटाचा रंग देतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "औंदा घरीच केली." एफएएचं सगळं भांडण या दुसऱ्या माणसाशी आहे. किटवाले काही भाग जोडूनच पाठवतात, पंख आणि धड बरंचसं तयार, म्हणजे गिऱ्हाइकाचा बराच वेळ वाचतो. त्याला 'क्विक बिल्ड' म्हणतात. हेही नियमात बसतं, बेरीज जुळेपर्यंत. आरव्हीच्या अशा जोडलेल्या पंखांचं काम फिलिपिन्समध्ये होत आलंय. पण काही लोक याच्याही पुढे गेले. पैसेवाल्यानं किट घ्यायची, कारखान्यानं विमान बांधायचं, आणि कागदावर सही मालकाची: मी माझ्या शिक्षणासाठी बांधलं. म्हणून २००८ साली एफएएनं नव्या किटांची तपासणीच थांबवली. त्या वर्षीच्या मसुद्यात किमान २० टक्के काम 'घडवणं' असावं, नुसतं जोडणं नाही, अशी अट होती. हौशी लोकांनी आरडाओरडा केला, आणि २००९ मध्ये जे नियम पक्के झाले त्यांत ती अट राहिली नाही. माझं मत विचाराल तर ती राहायला हवी होती. पण माझं सगळं आयुष्य पत्रा घडवण्यात गेलंय, मी असंच म्हणणार.

एक गैरसमज पक्का काढून टाका. एफएएच्या संकेतस्थळावर किटांची यादी आहे, आणि विक्रेते "आमची किट मंजूर आहे" म्हणून मिरवतात. त्या यादीचा अर्थ एवढाच, की ही किट दिल्याप्रमाणे बांधली तर अर्ध्याहून जास्त काम तुमच्यासाठी उरतं. किट चांगली आहे, मजबूत आहे, सुरक्षित आहे, असं ती यादी म्हणत नाही. यादीत नसलेल्या किटचं विमानही पात्र ठरू शकतं, फक्त बेरीज तुम्हाला स्वतःला सिद्ध करावी लागते. आणि यादीतली किट घेऊन तुम्ही अर्धं काम कारखान्याला दिलं, तर यादी तुम्हाला वाचवत नाही.

"पण आपल्या मिहानच्या कारखान्यात तं फाल्कन विमानाचे भाग बनून राहिले," इति दुसरे एक पालक, "तिथं कोनी विचारते का कोनासाठी बनवलं म्हनून?" नाही विचारत, कारण तिथला हिशेब उलटा आहे. फाल्कन २००० या जेट विमानाचा नमुना आधी सरकारपुढे सिद्ध झालेला आहे. प्रत्येक भाग त्या नमुन्याबरहुकूम निघाला की नाही हे पाहायचं असतं. रिबीट कोणी मारली, हौसेनं मारली की पगारासाठी, याच्याशी कोणाला घेणं नाही. भाच्याच्या विमानाला असा सिद्ध नमुना नाही. म्हणून सरकार माणूस पाहतं. बांधताना हा माणूस शिकला असेल, तर निदान स्वतःचा जीव कशावर टांगलाय हे त्याला ठाऊक असेल.

याचं फळही तसंच मिळतं. विमानाला एक न जळणारी धातूची पाटी लावावी लागते. तिच्यावर निर्माता म्हणून किट कंपनीचं नाव येत नाही, बांधणाऱ्याचं येतं. 'वानखेडे, आरव्ही-७'. माझ्या बहिणीनं तो फोटो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय. मुख्य बांधणाऱ्याला त्या एका विमानाची दरवर्षीची तपासणी स्वतः करायचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. विमान विकलं तर ते प्रमाणपत्र विमानाबरोबर जात नाही, नव्या मालकाला तपासणीची आपली वेगळी सोय पाहावी लागते. शिकलेलं विकता येत नाही ना.

तपासायला माणूस येतो तो बहुतेक वेळा एफएएनं नेमलेला खासगी तज्ज्ञ, फी घेऊन येणारा. भाच्याकडे आली ती बाई होती. तिनं वही पानापानानं पाहिली, माझ्या पायांच्या फोटोवर थांबली आणि म्हणे विचारलं, "हे पाय अजून आत आहेत का?" बांधणारा एका कागदावर सही करून देतो की मोठा भाग हौशी लोकांनी शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधला. खोटं लिहिलं तर गुन्हा. दाखला मिळाल्यावरही लगेच मामाला बसवून फिरवता येत नाही. ठरवून दिलेल्या भागात, दाट वस्तीपासून दूर, चाचणीची उड्डाणं करायची. इंजिन आणि पंखा यांची प्रमाणित जोडी असेल तर २५ तास, नसेल तर ४०, असा रिवाज बरीच वर्षं आहे. आत शिरायच्या जागी किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहावं लागतं, आणि हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. भाडं घेऊन माणूस किंवा माल नेता येत नाही. कधीच नाही.

युरोपात, कॅनडातही ५१ टक्क्यांचीच भाषा आहे. युरोपच्या नियमात तर 'स्वतःच्या वापरासाठी, व्यापारी हेतूशिवाय' असे शब्द आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. नागपुरात काय?

इथे मी सावकाश बोलतो, कारण समोरच्याच्या डोळ्यांत किटची किंमत दिसायला लागलेली असते. अमोल यादव हे नाव तुम्ही ऐकलंय. वैमानिक, मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधणारे. किट नव्हे, स्वतःचा आराखडा. २०१६ ला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात सगळ्या महाराष्ट्रानं ते विमान पाहिलं. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडचं विमानांचं सरकारी खातं, त्यांच्याकडे त्याची नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, 'प्रायोगिक' वर्गात. उडवून पाहायची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात. उडालं २०२० साली, धुळ्याला. ही वर्षं मोजा. बांधून तयार असलेल्या विमानाची वर्षं आहेत ही, आणि मागे मुख्यमंत्र्यांपर्यंत ओळख होती तेव्हाची.

म्हणून मी विचारणाऱ्याला पत्र्यांचं काहीच सांगत नाही. परदेशातून किट आणायची तर आयातीची परवानगी, मग भारतीय विमानांवर असते ती व्हीटी अक्षरांची नोंदणी, मग उडण्यायोग्यतेचा कागद, मग तुमचा स्वतःचा वैमानिकाचा परवाना, मग उडायला जागा. सोनेगावला प्रवासी विमानं आहेत आणि हवाई दलही आहे. तिथे तुमच्या हौसेच्या ४० तासांना कोण जागा देणार? पैसे भरण्याआधी डीजीसीएला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. किटवाल्याचं "इंडियामध्ये चालतं सर" हे उत्तर नव्हे. तो ज्या यादीचा हवाला देतो ती यादी दुसऱ्या देशाची आहे.

परवा मनीषनगरचे एक गृहस्थ हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे काकाजी, नाईच होत." मी म्हटलं, होत नाही असं नाही, पण तुमचा पोरगा बारावीत आहे ना? रेडिओवर चालणारं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठीचं २५ किलोपर्यंतचं मॉडेल आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही वेगळं धरलंय, त्याला मोठ्या ड्रोनसारखं प्रमाणपत्र लागत नाही. फक्त विमानतळापासून लांब. त्याला येऊ द्या.

पोरगा आला. मी त्याला ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या दिल्या, दहा रिबिटा दिल्या. सात वाकड्या गेल्या. वाकडी रिबीट काढायची तर तिच्या डोक्याच्या बरोबर मध्ये ड्रिल धरावं लागतं, नाहीतर भोकच मोठं होतं आणि पट्टी वाया जाते. ते बापानं मोबाईलवर चित्रीत केलं. दुपारी पावणेदोनला चौथी निघाली, आणि पोराची आई फोन करून राहिली होती, जेवायला येता की नाही.