तुम्ही विचारलंत म्हणून : अर्धवट गाडीचे फोटो मी का पाठवते

"बाई, गाडी तर तुमच्या माडीवरच फिरते. मग तिचे फोटो काढून लांबच्या माणसांना पाठवायचे कशाला? आणि पाठवायचेच, तर रंग न दिलेल्या भिंतीचे आणि उघड्या प्लायवुडचे कशाला?" माझे जुने विद्यार्थी घरी आले की हे विचारतात, बेळगावच्या शहापुरातल्या शेजारणीही विचारतात. गाडी म्हणजे मी माडीवर टेबलावर बांधत असलेली रेल्वेची छोटी प्रतिकृती, आणि लांबची माणसे म्हणजे हाच छंद असलेले इतर. दर वेळी मी थोडक्यात काहीतरी सांगून वेळ मारून नेते, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून या वेळी ते सविस्तर लिहिते.

मी बेळगावात एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली. माझे बालपण टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ गेले, आणि तेव्हा त्या गेटातून मीटर गेजच्या, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेल्या छोट्या लाईनच्या, गाड्या जात. मिरजेपासून लोंढ्यापर्यंतचा हा मार्ग एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेने मीटर गेजवर बांधला आणि नव्वदच्या दशकात तो ब्रॉड गेज, म्हणजे मोठी लाईन, झाला. आता त्याच गेटातून पुण्याहून हुबळीला जाणारी वंदे भारत जाते. मी पाहिलेली छोटी लाईन आता पाहायला मिळत नाही, म्हणून मी ती माडीवर बांधायला घेतली. त्याआधी पुण्याला भाऊसाहेब जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय पाहिले होते. १९९८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात गावे, बोगदे आणि सिग्नल यांच्यातून धावणाऱ्या गाड्या बघताना मला पहिल्यांदा वाटले, की आपल्यालाही हे हातांनी जमू शकेल.

माझे टेबल साडेतीन मीटर लांब आणि जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद आहे. प्रमाण १:८७, म्हणजे या छंदातल्या लोकांचा एचओ. खऱ्या मीटर गेजचे दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की साडेअकरा येतात, आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो, म्हणून फरक अर्ध्या मिलिमीटरचाच राहतो. ज्यांना भारतातले ब्रॉड गेज याच प्रमाणात करायचे असते त्यांची अडचण मोठी आहे. आपले १६७६ मिलिमीटर ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस येतात, पण तयार रूळ साडेसोळाचा असतो, कारण तो परदेशातल्या, आपल्यापेक्षा अरुंद अशा स्टँडर्ड गेजसाठी केलेला आहे. बाजूने काढलेल्या फोटोत हे कळत नाही. इंजिनाचा समोरून फोटो काढला, की रुंद इंजिन अरुंद रुळावर उभे असलेले लगेच दिसते. माझ्या टेबलावर खानापूर आणि लोंढा यांच्या दरम्यान कल्पिलेले एक स्टेशन आहे. त्याचे नाव मी जांभुळखोल ठेवले आहे.

सुरुवातीचे माझे सगळे फोटो उभ्याने, वरून काढलेले होते. त्यांत स्टेशन दिसे, गाडीला रूळ बदलून देणारे दोन्ही सांधे दिसत, मागचे डोंगरही दिसत, आणि मला ते फोटो फार आवडत. सांगलीच्या एका गृहस्थांना मी त्यांतले चार पाठवले. ते स्वतः तीस वर्षे हेच काम करत आले आहेत. त्यांनी उत्तरात एवढेच लिहिले, "ताई, फोटो छान आहेत, पण हे विमानातून पाहिलेले स्टेशन आहे. फलाटावर उभ्या माणसाला काय दिसते ते पाठवा." मी हिशेब केला. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एकशे साठ सेंटिमीटरवर असतात. ८७ ने भागले की अठरा मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीहूनही कमी. त्या उंचीवर मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स नेणे शक्यच नाही. मोबाईलची लेन्स मात्र वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून मोबाईल उलटा धरून फलाटावर टेकवला की ती जवळपास त्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत येते. शिवाय मोबाईलच्या आतला सेन्सर लहान असतो, त्यामुळे जवळचा डबा आणि लांबचा सिग्नल हे दोन्ही बरेचसे स्पष्ट येतात. मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी लेन्सचे छिद्र अगदी बारीक करावे लागते, प्रकाश आत यायला कित्येक सेकंद लागतात, स्टँड लागतो, आणि माडीवर कोणी चालले तरी फोटो हलतो. अजून बारकाई हवी असेल, तर एकाच जागेवरून जवळपासून लांबपर्यंत फोकस बदलत आठ-दहा फोटो घेऊन ते संगणकावर जोडावे लागतात.

त्या दिवशी मोबाईल उलटा धरून काढलेला पहिला फोटो पाहिला आणि मी बराच वेळ खाली बसून राहिले. डोळ्यांना रोज जे दिसत होते ते त्यात नव्हते. डोळा माफ करणारा असतो. त्याला काय दिसायला हवे हे आधीच ठाऊक असते, आणि उरलेले तो सोडून देतो. कॅमेरा काही सोडत नाही. रुळांमधली खडी मी चहाच्या गाळणीतून चाळून घातली होती, पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवली होती आणि तिचा मला अभिमान होता. फोटोत ती मोसंबीएवढ्या दगडांची दिसत होती, कारण एक मिलिमीटरचा दाणा या प्रमाणात साडेआठ सेंटिमीटरहून मोठा होतो. खऱ्या खडीचा दगड साधारण पाच सेंटिमीटरचा, म्हणजे मला अर्ध्या मिलिमीटरचे दाणे हवे होते. ती खडी सगळी खरवडून काढली आणि मैद्याच्या चाळणीतून चाळलेली नवी घातली. रुळांचेही तसेच झाले. तयार रूळ १.९ मिलिमीटर उंचीचा होता, म्हणजे प्रत्यक्षात १६५ मिलिमीटर. आजच्या ब्रॉड गेजवरचा, मीटरला बावन्न किलो वजनाचा रूळसुद्धा १५६ मिलिमीटर उंचीचा असतो. माझ्या छोट्या लाईनचे रूळ मोठ्या लाईनच्या या रुळापेक्षा उंच होते, आणि मला ते दोन वर्षांत कधी जाणवले नव्हते. रूळ बदलणे परवडणारे नव्हते. सांगलीच्या त्याच गृहस्थांनी आपल्या टेबलाचा एक कोपरा जवळून काढून पाठवला. त्यात रुळांच्या बाजूंना गंजाचा गडद तपकिरी रंग दिलेला होता आणि खडी रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या वरपर्यंत आणलेली होती, त्यामुळे रूळ निम्मा लपला होता. त्यांनी सोबत एक शब्दही लिहिला नव्हता, तरी मला त्या एका फोटोतून सगळी कृती समजली.

मी अर्धवट कामाचे फोटो का पाठवते, याचे मुख्य कारण इथे आहे. पूर्ण झालेल्या, सजवलेल्या दृश्याचा फोटो पाहणाऱ्याला आनंद देतो. पण त्या आनंदातून त्याला स्वतःचे काम पुढे नेता येत नाही. डोंगर कशावर उभा केला आहे, सांध्याची तार टेबलाखालून कशी नेली आहे, कौले एकेक चिकटवली की पट्टीने, हे कळण्यासाठी उघडे प्लायवुडच दिसावे लागते. मंगलोरी कौल साधारण एक्केचाळीस सेंटिमीटर लांब असते, म्हणजे माझ्या प्रमाणात पाच मिलिमीटरहूनही कमी. ती मी कार्डपेपरच्या पट्ट्या कापून, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर थोडी चढवून केली आहेत. स्टेशनाच्या छपराचा एक कोपरा मी मुद्दाम उघडा ठेवून फोटो काढला, शेजारी पोलादी पट्टी ठेवली आणि पाठवून दिला. पुढे चार-पाच जणांनी त्यावरून आपली छपरे केली, आणि त्यांतल्या एकाने पट्ट्या आडव्या कापण्याऐवजी किंचित नागमोडी कापल्या, त्या माझ्या छपरापेक्षा अधिक खऱ्या दिसतात. आता मीही तशाच कापते.

फोटोत पट्टी ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. पांढऱ्या कागदाचा एक तुकडाही मी कोपऱ्यात ठेवते, कारण दिव्याखाली रंग बदलतात. खानापूरकडची माती तांबडी, कुडची-रायबागकडची काळी. ही ओळख आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाला असते. माझ्या पिवळ्या दिव्याखाली खानापूरची माती भगवी दिसत होती, आणि कुडचीच्या एका मुलीने विचारले, की हा भाग नक्की कोणता? कागदाचा पांढरेपणा पाहून रंग दुरुस्त करता येतो. दिवाही एकच हवा. दोन दिवे लावले, की खांबाच्या दोन सावल्या पडतात, आणि आकाशात तर सूर्य एकच आहे.

फोटोवर संगणकाने धूर घालणे, मागची भिंत पुसून खरे आकाश लावणे, टेबलाची कड मिटवणे, याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. चित्र म्हणून ते सुंदर होते हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून मान्य करते. पण सहकाऱ्याला पाठवायच्या फोटोत मी ते करत नाही. त्यातली फट पुसली, तर ती फट कशी बुजवायची हे सांगणारा माणूस मला भेटणारच नाही.

असा माणूस भेटतो तेव्हा काय होते ते सांगते. देशभर मीटर गेजवर वाफेची दोन इंजिने सर्वांत जास्त दिसत, वायपी आणि वायजी. वायपी प्रवासी गाड्यांसाठी, मोठ्या चालक चाकांचे (इंजिनाला ओढ देणारी ती चालक चाके). वायजी मालगाड्यांसाठी, लहान पण जास्त चालक चाकांचे. मी वायपी करायला घेतले. यंत्राचा सांगाडा बाहेरून मागवला आणि वरचा बॉयलर, केबिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) स्टायरीन या प्लास्टिकच्या पत्र्यांतून कापून केले. याला आठ महिने लागले. बाजूने काढलेला स्वच्छ फोटो सात-आठ जणांना पाठवला आणि सगळ्यांनी मनापासून कौतुक केले. तीन दिवसांनी हुबळीहून एका निवृत्त फिटरकाकांचा निरोप आला. त्यांनी मीटर गेजच्या इंजिनांवर उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्यांनी लिहिले होते, "बाई, वरून वायपी आहे, पण चाके वायजीची वाटतात. मोजून बघा." मी मोजले. वायपीचे चालक चाक १३७२ मिलिमीटरचे, म्हणजे माझ्याकडे ते पावणेसोळा मिलिमीटरचे हवे होते. सांगाड्यावरची चाके होती चौदा मिलिमीटरची, आणि वायजीच्या १२१९ मिलिमीटरच्या चाकाला ८७ ने भागले की बरोबर चौदाच येतात. काकांनी पट्टी लावली नव्हती. त्यांनी ती चाके हाताने तपासलेली होती, त्यांच्याशेजारी वाकून उभे राहिलेले होते, म्हणून चाकाचा वरचा काठ इंजिनाच्या बाजूच्या फूटबोर्डपासून (चालायच्या पट्टीपासून) किती खाली असायला हवा हे त्यांच्या नजरेत बसलेले होते. तो फोटो मी पाठवला नसता, तर ते इंजिन आजही चुकीच्या चाकांवर फिरत राहिले असते. मला वाईट वाटले, हे खरे आहे. आठ महिन्यांचे काम होते. पण त्या वाईट वाटण्यापेक्षा मोठी गोष्ट ही होती, की एका माणसाच्या हातांतले ज्ञान माझ्या माडीवर पोचले होते, आणि ते पोचायला दुसरी कुठलीही वाट नव्हती.

फोटो फक्त एका बाजूने जात नाहीत, हेही सांगायला हवे. माझ्या गाडीचे फोटो पाहून लोक आपल्या घरातले खरे फोटो शोधतात. एकाने १९७०च्या दशकातला आपल्या आईवडिलांचा लग्नानंतरचा फोटो पाठवला. नवरानवरी फलाटावर उभी, आणि मागे लाकडी डब्याची खिडकी अर्धी. तो फोटो कोणी रेल्वेसाठी काढला नव्हता. पण त्या अर्ध्या खिडकीवरून मला आडव्या गजांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर कळले. धारवाडच्या एका कन्नड तरुणाने तर माझ्या स्टेशनाच्या नावाची पाटी दुरुस्त केली. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत मी कन्नड, देवनागरी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत जांभुळखोल लिहिले होते; अक्षरे साडेतीन मिलिमीटरची, एका केसाच्या ब्रशने काढलेली. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिले, की कन्नड 'भ'च्या पोटाखालची उभी रेघ राहिली आहे. ती रेघ अर्ध्या मिलिमीटरचीही नाही. त्याने आपल्या हाताने ते अक्षर मोठे लिहून त्याचा फोटो पाठवला, बाण काढून दाखवला, आणि मी त्याच रात्री भिंग लावून ती रेघ घातली. सकाळी पाटीचा नवा फोटो पाठवला, तेव्हा त्याचे उत्तर मराठीत आले: "आता बरोबर, अक्का."

वायपीची चाकेही बदलली. मोठी चाके बसवायला सांगाडा कापावा लागला, मधला ब्रेक पुन्हा करावा लागला आणि त्यात पाच महिने गेले. नवा फोटो मी सर्वांत आधी हुबळीला पाठवला: उघडा सांगाडा, शेजारी पोलादी पट्टी, कोपऱ्यात पांढरा कागद. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. चाकांबद्दल ते समाधानी होते. मग त्यांनी विचारले, की ड्रायव्हरच्या बाजूचा तेलाचा डबा कुठे ठेवायचा विचार आहे, कारण आमच्या इंजिनांवर तो एका ठरलेल्या जागी असे आणि ती जागा कुठल्याही नकाशात दिलेली नाही. मी म्हटले, काका, केबिनचा आतून फोटो पाठवते, तुम्ही त्यावर खूण करून द्या. उद्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आले, की तो काढायचा आहे.