निरगाठ

हिंगणघाटला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये मी हिशेब पाहते, त्यामुळे दिवसभर माझ्या तोंडी गाठीच असतात. आज किती गाठी निघाल्या, किती ट्रकवर चढल्या, किती पडून आहेत. एक गाठ म्हणजे १७० किलो रुई, सरकी काढलेला कापूस. प्रेसमधून निघाली की अशी आवळलेली असते, की बुक्की मारली तर आपलाच हात दुखतो. संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर आईनं पाठवलेली थैली असते, आणि तिच्या गाठी सोडता सोडता मला घाम फुटतो. जिनचं प्रेस जास्त आवळतं की माझी आई, हे अजून ठरायचं आहे.

माहेर नदीपलीकडे, राळेगाव तालुक्यात. इकडे येणारं कोणी दिसलं की आई थैली भरायला घेते. मुंगवड्या, जवसाची चटणी, तुरीची डाळ, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पन्नीत. पन्नीला गाठ, तिच्यावर दुसरी पन्नी, तिलाही गाठ, मग सगळं जुन्या लुगड्याच्या फडक्यात, फडक्याची चार टोकं एकमेकांत, आणि थैलीचे कान सुतळीनं बांधलेले. एवढा बंदोबस्त बँकेतही नसेल. बरं, कैची चालवायची सोय नाही.

"कापू नोको वं. सोड. पन्नी कामी येते."

खरंच येते. पुढच्या वेळी गावी गेले की पन्न्या परत द्याव्या लागतात, आणि ती त्या मोजून घेते.

आई सगळीकडेच निरगाठ मारते असं मात्र नाही. गाईच्या दाव्याला ती कधीच मारत नाही, तिथं सुरगाठ. लहानपणी मी एकदा वासरू बांधताना हौसेनं घट्ट गाठ मारली तर पाठीत धपाटा बसला होता. उन्हाळ्यात गोठ्याला लागून कुटाराचा ढीग, एखादी ठिणगी पडली तर जनावर एका झटक्यात सुटलं पाहिजे. कोणाला कसं बांधायचं, हे तिला पक्कं ठाऊक. मला पाठवायच्या थैलीला सुरगाठ का चालत नाही, हे मी कधी विचारलं नाही.

पऱ्हाटी फुटली की आई कमरेला फडकं बांधायची. पहिल्या वेचणीला सीतादही, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग दिवसभर वाकून बोंडातला कापूस फडक्यात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. संध्याकाळी ती नखांच्या कडेला तेल लावत बसायची आणि मी शेजारी पाढे म्हणायची. फडकं भरलं की पाठीवर गाठोडं. ते डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना तिच्या मानेची एक शीर ताठ व्हायची, ती मला अजून दिसते.

मागे एका दुपारी जिनमध्ये काम कमी होतं, तेव्हा कागदावर मांडून पाहिलं. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. आई भर वेचणीत दिवसाला चाळीसेक किलो वेचायची. म्हणजे एका गाठीत बारा-तेरा दिवसांची आई. मोठ्या कौतुकानं फोन करून तिला सांगितलं. ती म्हणाली, "असे हिशोब कराचे पैशे देतेत का तुले?"

तिचं कौतुक करायला गेलं की ती असंच करते. समोर असली तर चूल बघायला उठून जाते.

तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ कायम असायची. पेटीची किल्ली, दहाची नोट, कधी कापसाच्या चुकाऱ्याची चिठ्ठी. त्या गाठीत काय आहे ते विचारायचं नाही, हा घरातला अलिखित कायदा, बाबांनाही लागू. माझ्या बारावीचा फॉर्म भरायचा होता आणि बाबांचा खिसा रिकामा होता, त्या दिवशी तिनं पदर पुढे घेतला आणि दातांनी गाठ सैल केली. सुपारीएवढ्या घड्या केलेल्या नोटा निघाल्या, घामानं ओलसर. खिडकीवरच्या बाबूनं त्या सरळ करून द्यायला लावल्या. कॉलेजच्या पायरीवर बसून मी एकेक नोट मांडीवर दाबत होते आणि कोणी ओळखीचं पाहत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत होते. आता त्या बघण्याची लाज वाटते.

लग्नात माझी आणि ह्यांची गाठ नणंदेनं बांधली. फेऱ्यांच्या आधी आईनं ती हळूच चाचपली, तोंड वाकडं केलं आणि स्वतः पुन्हा बांधली. झालं, रात्री ती सुटेचना. सगळे हसायला लागले. सासूबाई कैची शोधायला उठल्या, आणि दिवसभर मान खाली घालून बसलेली मी एकदम ओरडले, "कापू नका!" सासरी माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द तो. ह्यांना अजून त्याची आठवण करून द्यायला आवडतं.

परवा थैली आली. सुतळी ओढली, सुटली. फडक्याची टोकं धरली, तीही सुटली. पन्न्यांच्या गाठी तर बोट लावताच उकलल्या. आधी वाटलं, वाटेत कोणीतरी उघडून पाहिली असेल. पण मुंगवड्या जशाच्या तशा होत्या. मग दिवाळीत गेले होते तेव्हाचे तिचे हात आठवले. पेरं सुजलेली, आणि ब्लाउजची हुकं लावायला भावजयीला हाक मारणं. मी विचारलं तर म्हणाली होती, थंडीनं होते.

रात्री तिचा फोन आला.

"भेटली का थैली?"

"भेटली."

"गाठी सुटल्या का?"

समोर ओट्यावर सुतळी पडली होती, नीट, एकही पीळ न मोडलेली.

"कुठं वं माय," मी म्हटलं. "दातानं सोडा लागल्या."

पलीकडून तिचं ते घशातलं हसू आलं. "मंग! कापल्या तं नाई ना?"