रुसलेल्या देवीच्या गावात

आमचं भांडण जपानमधल्या नोबेओका शहराच्या बसस्टॉपवर झालं, गाडी भाड्याने घ्यायची की नाही यावरून. माझं म्हणणं डोंगरातलं गाव आहे, गाडी घेऊ. नवऱ्याचं म्हणणं, जपान आहे, बस वेळेवर येते. आली की, वेळेवरच आली. ताकाचिहो, म्हणजे आम्हाला जायचं होतं त्या डोंगरातल्या गावापर्यंत पूर्वी रेल्वे होती पण २००५ च्या टायफूनमध्ये पूल वाहून गेले आणि ती लाइन काही परत सुरू झाली नाही, त्यामुळे बसच. पण ताकाचिहोहून देवळाकडे जाणाऱ्या बस दिवसातून मोजक्याच, आणि आमची आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मग मी बोलणंच बंद केलं. चिडून आरडाओरडा करण्यापेक्षा गप्प बसण्यात जास्त मजा असते हे अनुभवी लोकांना माहीत असेलच.

आता गंमत बघा, आम्ही जात होतो तेही एका रुसलेल्या देवीकडेच. क्यूशू बेटावर मियाझाकीच्या डोंगरात आमानो इवातो म्हणून देऊळ आहे. ७१२ सालच्या कोजिकी ग्रंथात गोष्ट आहे की सूर्यदेवी आमातेरासुला तिच्या भावाने, सुसानोओने फार छळलं. त्याने काय केलं तर तिच्या भातशेतीचे बांध फोडले. हे वाचलं तेव्हा मला एकदम गावाकडची भावकीच आठवली, आपल्याकडे बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात! वर त्याने तिच्या विणकामाच्या खोलीत छप्पर फोडून सोललेला घोडा टाकला, त्या धक्क्याने एक विणकरीण मेली. मग ही बाई गुहेत गेली आणि आतून दगड लावून घेतला. सूर्यच आत, म्हणजे सगळीकडे अंधार. ती गुहा हीच असं इथले लोक मानतात.

दर्शनाला गेलात तर मूर्ती शोधू नका. इथे मूर्ती नाही, गाभाराही नाही. नदीच्या या काठावर फक्त प्रार्थनेची इमारत, आणि देव म्हणजे समोरच्या कड्यातली ती गुहा. पुजारी तुम्हाला मागच्या बाजूला घेऊन जातो, आधी शुद्धीकरण, मग पलीकडे हात दाखवतो, फोटो काढायचा नाही. मला दिसली फक्त झाडी. गच्च हिरवी झाडी आणि त्यात कुठेतरी काळोखासारखं काहीतरी. नवऱ्याने हळूच विचारलं, दिसलं का? मी अर्थातच उत्तर दिलं नाही. पण खरं सांगू का, पंढरपूरला रेटारेटीत दोन सेकंद पायावर डोकं टेकवणाऱ्या माणसाला देव असा नदीपलीकडे ठेवलेला बघून जरा चुकल्यासारखंच होतं.

अंगणात ओगातामाचं झाड आहे, ते आपल्या सोनचाफ्याचं अगदी जवळचं भावंड. हे कळल्यावर मी उगाच त्याच्या खोडाला हात लावून आले. पेटीत ५ येनचं नाणं टाकायचं कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि गो-एन म्हणजे ऋणानुबंधसुद्धा, मग दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. माझी एक टाळी आधीच वाजली.

तिथून नदीच्या कडेने दहाएक मिनिटं चाललं की आमानो यासुकावारा, देवांची मीटिंग झाली ती जागा. जपानी देव ऐंशी लाख! आपल्या तेहतीस कोटींपुढे किरकोळच, पण तेवढे सगळे इथे विचार करत बसले म्हणे, आता हिला बाहेर कसं काढायचं. ही वेगळी गुहा, तिच्या तोंडाशी तोरी, म्हणजे जपानी देवळांपुढे असते ती कमान, आणि जिथे नजर जाईल तिथे लोकांनी नवस बोलून रचलेल्या दगडांच्या छोट्या छोट्या उतरंडी, पाऊल ठेवतानाही भीती वाटते कोणाचा नवस पडेल म्हणून.

आपली रखुमाई रुसून दिंडीरवनात आली तेव्हा देव स्वतः शोधत आला, हे आपल्याला बरं माहितीये. इथे मात्र कोणी समजूत घालायला गेलंच नाही. ओमोइकाने नावाच्या हुशार देवाने डोकं लढवलं. कोंबडे आरवायला लावले, आरसा तयार करून घेतला, आणि उझुमे नावाची देवी पालथ्या घातलेल्या टबावर चढून अशी नाचली, की अंगावरचे कपडे सुटले आणि ऐंशी लाख देव खो खो हसत सुटले. मी नाही तर बाहेर हे हसतायत कसे? आतल्या बाईला राहवेना, तिने दगड किंचित सरकवला, तेवढ्यात ताजिकाराओ नावाच्या देवाने तिला ओढून बाहेर काढलं आणि फुतोदामा नावाच्या दुसऱ्या देवाने लगेच मागे दोर बांधला, परत आत जायचं नाही. तसला गवताचा दोर, शिमेनावा, ताकाचिहोत घराघरांवर वर्षभर असतो. बाकी जपानात तो बहुतेक नवीन वर्षापुरताच.

रात्री आठला ताकाचिहो देवळात कागुरा, म्हणजे देवांपुढचे मुखवट्यांचे नाच बघायला गेलो. खरी कागुरा हिवाळ्यात गावातल्या घरांमध्ये रात्रभर चालते, तेहतीस नाच. आम्हा टुरिस्टांना त्यातले चार, तासाभरात. शेवटच्या नाचात इझानागी-इझानामी हे नवरा-बायको देव साके, म्हणजे तांदळाची दारू गाळतात, पितात, झिंगतात आणि चक्क प्रेक्षकांत येऊन गळ्यात पडतात. मुखवटा घातलेला तो झिंगलेला देव सगळं सोडून नेमका आमच्या ह्याच्याच गळ्यात पडला. जमिनीवर मांडी घालून बसलेला हा, हात कुठे ठेवावे कळेना, आणि चेहरा असा की दहावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नसेल. मी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या आजी वळून बघून माझ्यासोबत हसायला लागल्या.

बाहेर थंडी होती. "चहा घेणार?" त्याने विचारलं. घेते म्हटलं, आणि उद्या गाडी. त्यावर तो म्हणाला की सकाळची बस बघून ठेवलीये, वेळेवर येते.